अक्कलदाढ कोणाकडून काढायची, आणि नंतरच्या आठवड्यात नेमकं काय होतं

डावी अक्कलदाढ काढली त्याचा तिसरा दिवस छान गेला होता. सूज उतरायला लागली होती, दुपारी मऊ भात खाल्ला, संध्याकाळी गोळी न घेता टीव्ही बघितला, आणि सासूबाईंना म्हटलं पण की आई, एवढं काही नसतं हो, लोक उगाच घाबरवतात. चौथ्या रात्री दोन वाजता कानात कोणी गरम सळई घालतंय असं दुखायला लागलं. दाढ गेली होती, जखम भरत होती, मग हे काय? गोळी घेतली, तासभर काही नाही, दुसरी घेतली, सकाळपर्यंत उशी मांडीवर घेऊन बसून राहिले.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उजवी दाढ मागच्या डिसेंबरात काढली, ती वेगळ्या माणसाकडून, आणि त्यावेळी पाचव्या दिवशी मी बँकेत काउंटरवर होते. तेव्हापासून आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात कोणाची अक्कलदाढ दुखली की फोन मला येतो, जसं काही मी डेंटिस्टच आहे. तर एकदा नीट लिहूनच टाकते, की ही भानगड काय असते, डॉक्टरच्या अनुभवाने खरंच काय फरक पडतो, आणि घरी आल्यावर काय होतं.

आधी दाढ. मोठ्या माणसाला बत्तीस दात मोजतात त्यातल्या चार अक्कलदाढा, प्रत्येक कोपऱ्यात एक, साधारण सतरा ते पंचवीस वयात येतात, म्हणून अक्कल. कोणाला चारही येत नाहीत, कोणाला दोनच येतात, माझ्या नवऱ्याला एकही नाही, आणि त्यावर घरात किती विनोद झालेत ते सांगत नाही. अडचण अशी की बाकीचे सगळे दात येऊन बसल्यावर ह्या येतात, बसमध्ये सीट भरल्यावर चढणाऱ्या पॅसेंजरसारख्या, आणि आपला जबडा पूर्वीच्या माणसांपेक्षा लहान झालाय म्हणून मागे जागाच नसते. मग कोणी तिरकी येते, कोणी आडवी झोपते, कोणी अर्धी बाहेर येऊन थांबते. ही अर्धवट आलेली सगळ्यात जास्त छळते कारण तिच्यावर हिरडीची एक झापड राहते, त्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, आणि मग ती झापड सुजते. तोंड उघडत नाही, गिळताना घसा दुखतो, चावलं की वरची दाढ नेमकी त्या सुजलेल्या हिरडीवर आपटते. लोक याला "अक्कलदाढ येतेय म्हणून दुखतंय" म्हणून सोडून देतात. ती येत नसते, अडकलेली असते.

आता प्रत्येक अडकलेली दाढ काढायलाच हवी का, तर नाही. इंग्लंडमध्ये २००० साली नाइस या तिथल्या संस्थेने स्पष्ट सांगून टाकलं होतं की ज्या रुतलेल्या अक्कलदाढेला काही रोग नाही ती केवळ पुढे त्रास देईल म्हणून काढू नका. अमेरिकेत कल बराच उलटा, तिथे विशीतच काढून मोकळे होतात. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे, कारण तरुणपणी मुळं पूर्ण झालेली नसतात आणि हाड जरा लवचिक असतं त्यामुळे दाढ सोपी निघते, चाळिशीत तीच दाढ जास्त घट्ट बसलेली असते आणि जखम भरायलाही वेळ घेते. पण झापड वरचेवर सुजत असेल, दाढ किडली असेल, किंवा ती तिरकी दाढ शेजारच्या चांगल्या दाढेला किडवत असेल तर मग वाट बघण्यात अर्थ नसतो. माझी डावी पहिला प्रकार होता.

इथे एक गोष्ट जी मला आधी कोणी सांगितली नाही. सूज जोरात असताना गेलात तर चांगला डॉक्टर बहुतेक वेळा त्याच दिवशी हात लावत नाही, ती जागा धुतो, औषधं देतो आणि काही दिवसांनी बोलावतो. आपल्याला वाटतं चकरा मारायला लावतोय. कारण साधं आहे, सुजलेल्या जागेतला भाग आंबट झालेला असतो आणि त्यात भुलीचं इंजेक्शन नीट काम करत नाही. शिवाय तोंडच उघडत नसेल तर एवढ्या मागे हत्यार जाणार कसं? तोंड किती उघडतं ते घरी बघायचं असेल तर स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून बघा, साधारण निरोगी माणसाची जातात. आपल्याकडे इंदुरात गुटखा आणि सुपारी इतकी चालते की कित्येक तरुण पोरांची दोनही जात नाहीत, गालाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठ झालेली असते, तो वेगळाच आणि गंभीर आजार आहे आणि तो आधी दाखवायला पाहिजे, दाढ नंतर.

आता मुद्द्यावर येते, डॉक्टरचा अनुभव.

डाव्या दाढेला मी घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेले होते, माणूस चांगला होता, माझी दोन रूट कॅनॉल त्यानेच केली होती आणि ती आजही व्यवस्थित आहेत. त्याने त्या एका दाढेचा छोटा एक्सरे काढला, त्यात मुळाचं टोक दिसतच नव्हतं, फोटोच्या कडेला कापलं गेलं होतं, आणि म्हणाला, "अरे ताई, सोपी आहे, वीस मिनिटं." लागला सव्वा तास. मधे एकदा त्याने कोणाला तरी फोन लावला, मी तोंड उघडं टाकून छताकडे बघतेय आणि तो फोनवर म्हणतोय की सर, मूळ हलत नाहीये. ते वाक्य मी विसरणार नाही.

बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, हे झालं की माणूस डेंटिस्ट, दात काढायला, भरायला, रूट कॅनॉलला समर्थ. त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस असतं आणि ते वेगवेगळ्या विषयात असतं, कोणी ब्रेसेसवाला, कोणी लहान मुलांचा, कोणी हिरड्यांचा. त्यात एक ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी, म्हणजे तोंड आणि जबड्याचं ऑपरेशन करणारे. पाटीवर नुसतं एमडीएस वाचून भुलू नका, विषय विचारा. तसंच उलटही आहे, वरची सरळ बाहेर आलेली अक्कलदाढ साधा डेंटिस्ट पाच मिनिटांत काढतो आणि त्यासाठी सर्जन शोधत फिरायची काहीच गरज नाही.

पण डिग्री हा अर्धाच भाग झाला. उजव्या वेळी जो सर्जन मिळाला, आमच्याच बँकेतल्या एका काकांनी सांगितलेला, मी त्याला जरा आगाऊपणे विचारलं की डॉक्टर, तुमच्या हातून किती जणांना त्रास झाला? तो हसला, म्हणाला, "मॅडम, माझा आकडा शेजारच्या डॉक्टरपेक्षा वाईट असेल, कारण त्याला न झालेल्या केस माझ्याकडे येतात." हे मला घरी येईपर्यंत नीट कळलं नाही. भेरूघाटातून रोज ट्रक नेणाऱ्याच्या गाडीला जास्त ओरखडे असणार, आणि कॉलनीत स्कूटी फिरवणाऱ्याच्या गाडीला एकही नाही, म्हणून स्कूटीवाला चांगला ड्रायव्हर होत नाही. म्हणून अनुभवी आणि नवख्या डॉक्टरांची तुलना करायची तर एकसारख्या अवघड दाढा घेऊनच करायला लागते, आणि तशी केली की साधारण हेच दिसतं की नवख्या हातात वेळ जास्त जातो आणि नंतरच्या तक्रारी जास्त येतात, मी ज्या रात्री बसून होते ती तक्रार सुद्धा त्यातच.

वेळ का महत्त्वाचा? डॉक्टरला लवकर घरी जायचं असतं म्हणून नव्हे. जेवढा वेळ हिरडी उघडून ओढून धरलेली असते, गाल ताणलेला असतो, हाड उघडं असतं, तेवढी नंतर सूज आणि जबडा आखडणं जास्त. पण घाईघाईने जोर लावणं म्हणजे वेग नाही, आणि इथेच अनुभव दिसतो, अनुभवी माणूस जोर कमी लावतो. खुर्चीवर पाय देऊन दाढ उपटणारे वगैरे जुन्या गोष्टी आपण ऐकल्यात ना, आता पद्धत वेगळी आहे. हिरडीला चीर देऊन ती बाजूला करतात, दाढेभोवतीचं थोडं हाड ड्रिलने काढतात, मग दाढेचेच दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा हलकेच उचलतात. मोठं कपाट दारातून निघत नसलं की आपण भिंत तोडत नाही, कपाट खोलतो, तसं.

त्या ड्रिलवर पूर्ण वेळ सलाईनचं पाणी सोडत असतात आणि असिस्टंट ते ओढून घेत असते, मला वाटायचं ते रक्त धुवायला. तेही आहे, पण मुख्य काम हाड थंड ठेवणं, हाड सत्तेचाळीस डिग्रीच्या आसपास मिनिटभर तापलं तरी त्याच्या पेशी मरायला लागतात आणि मेलेलं हाड नीट भरत नाही. आणि ड्रिल सुद्धा दात भरतानाचं हवेवर किंचाळणारं नको, त्याची हवा जखमेत शिरून गाल फुग्यासारखा फुगू शकतो, सर्जन वेगळं, मागून हवा सोडणारं किंवा मोटरवर चालणारं वापरतात. ह्या गोष्टी पेशंटने तपासायच्या नसतात, मी फक्त सांगतेय की अनुभव म्हणजे हातात जादू नसते, अशा पन्नास बारीक सवयी असतात.

खरा अनुभव मात्र मला खुर्चीत बसण्याआधीच दिसला, एक्सरे बघताना. उजव्या वेळच्या सर्जनने ओपीजी काढायला लावला, तो मोठा एक्सरे ज्यात मशीन डोक्याभोवती फिरतं आणि सगळा जबडा एका पट्टीत दिसतो. तो उजेडावर धरून त्याने पेनाच्या टोकाने दाखवलं, खालच्या जबड्यात दोन बारीक पांढऱ्या रेघा समांतर जातात, रुळासारख्या, त्या मधल्या बोगद्यातून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. माझ्या दाढेचं मूळ त्या वरच्या रेघेपर्यंत आलं होतं. तो म्हणाला, "बघा, रेघ अखंड आहे, मुळावर काळी छाया नाही, बोगदा वाकलेला नाही, म्हणजे मूळ जवळ आहे पण नसेला बहुतेक चिकटलेलं नाही." रेघ तुटलेली दिसली असती किंवा बोगदा वळून गेलेला दिसला असता तर त्याने सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी एक्सरे सांगितला असता. आणि त्यातही फारच गुंतलेलं निघालं तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं जबड्यातच सोडायची असाही एक रस्ता आहे. मूळ मुद्दाम ठेवून देणं! डाव्या वेळच्या डॉक्टरला हे सुचलं असतं का कोण जाणे.

दाढ किती तिरकी आहे यावरून १९२६ साली जॉर्ज विंटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने जे प्रकार पाडले तेच आजही वापरतात, पुढे झुकलेली, सरळ, आडवी आणि मागे झुकलेली. खालच्या जबड्यात पुढे झुकलेली सगळ्यात जास्त सापडते. आणि गंमत अशी की आपल्याला बघून आडवी सगळ्यात भयानक वाटते, पण खाली खरी डोकेदुखी मागे कानाकडे झुकलेली, एक्सरेत ती जवळजवळ उभी, साधी वाटते, पण तिला बाहेर यायचा रस्ता जबड्याच्या उभ्या हाडात असतो. माझी डावी तीच होती. हे मला नंतर कळलं, तोच जुना एक्सरे ह्या सर्जनला दाखवला तेव्हा, आणि म्हणून माझ्या दोन दाढांची तुलना शंभर टक्के प्रामाणिक नाही हेही सांगून टाकते. पहिल्या डॉक्टरला अवघड दाढ मिळाली, दुसऱ्याला मध्यम. पण "सोपी आहे" म्हणणं ही चूक त्याचीच.

म्हणून कोणाला विचारायचं झालं तर मी म्हणते तीन-चार साधे प्रश्न विचारा. माझी दाढ कुठल्या प्रकारची आहे, नस किती लांब आहे ते मला एक्सरेवर दाखवा, अशा दाढा तुम्ही दर आठवड्याला करता का कधीतरी, आणि अडली तर तुमचा प्लॅन काय. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. पैशाची अडचण असेल तर एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलजवळचं आपलं सरकारी डेंटल कॉलेज आहेच, तिथे एमडीएस करणारी मुलं काढतात आणि सिनियर सर लक्ष ठेवतात, गर्दी आणि नंबर लावणं सोसायची तयारी पाहिजे. शिकणारा हात असतो हे खरं, पण जवळ विचारायला माणूस असतो, छताकडे बघत फोनवरचं बोलणं ऐकावं लागत नाही.

डॉक्टरला आपणही सगळं सांगायचं असतं. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ते हृदयाचा डॉक्टर आणि हा डॉक्टर मिळून ठरवतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असतं ते आपण कधीच सांगत नाही, दाताशी काय संबंध वाटतं, पण त्यातल्या काही औषधांनी दात काढल्यावर जबड्याचं हाड भरतच नाही असं होऊ शकतं. बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, लाजायचं नाही, का ते पुढे येतंय.

ऑपरेशनच्या दिवशी पोट भरून जेवून जा, नुसती जागेवरची भूल असेल तर उपाशी राहायचं नसतं, चक्कर येते. इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनसोबत थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, रक्त कमी यावं आणि भूल टिकावी म्हणून, त्याने मिनिटभर छाती धडधडते, घाबरू नका. आणि हे नीट समजून घ्या की भूल दुखणं घालवते, दाब घालवत नाही. ढकलणं, ओढणं, कटकन आवाज, सगळं कळतं, फक्त दुखत नाही. दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देतात.

आता घरी आल्यावर. दाढ निघाली की तिथे हाडात एक खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी बसते. पुढच्या आठवड्याची सगळी गोष्ट ह्या गुठळीची आहे. ती म्हणजे खपली, फक्त ओली, आतल्या हाडावरचं आणि तिथल्या बारीक नसांवरचं झाकण, आणि तिच्यातूनच नवीन मांस आणि पुढे हाड तयार होतं. म्हणून गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायला सांगतात, उचकून उचकून बघायचा नाही. म्हणून पहिला दिवसभर चूळ नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. थुंकलो की तोंडात ओढ बसते आणि गुठळी सुटते. लाळेत गुलाबी रंग दिवसभर येतो, एक थेंब रक्त आणि वाटीभर लाळ, दिसायला खून झाल्यासारखं, गिळून टाका. ताजं लाल रक्त तोंड भरून येत राहिलं तर मात्र नवीन बोळा दाबा आणि डॉक्टरला फोन करा.

सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी आणली. "अगं, शेक घे, मोकळं होईल." आपल्या घरांमध्ये कुठल्याही दुखण्याला शेक आणि हळदीचं गरम दूध. पहिला दिवस दोन्ही नको, गरमने रक्त परत सुरू होतं. पहिला दिवस बर्फ, रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर, वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. शेक दोन दिवसांनी चालतो, तेव्हा जबडा आखडलेला असतो त्याला बरं वाटतं, तर आईंची पिशवी चुकीची नव्हती, लवकर आली होती. आणि लवंगेचं तेल ताज्या जखमेत ओतू नका, ते भाजतं.

गोळी दुखायला लागल्यावर नाही, भूल उतरायच्या आधी घ्यायची. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही मिळून एकेकटीपेक्षा चांगलं काम करतात, पण अल्सर, दमा, किडनीचा त्रास, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरला विचारा. भूल ओठावर तीन-चार तास राहते, तेवढ्यात कढत चहा घेऊ नका, ओठ भाजला किंवा चावला गेला तरी कळत नाही.

सगळ्यात जास्त फोन मला ह्याचेच येतात की दुसऱ्या दिवशी सूज वाढलीये, इन्फेक्शन झालं का? नाही हो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते, मग उतरते. गालावर, कधी मानेपर्यंत पिवळा-हिरवा डाग खाली सरकत येतो, ते जुनं रक्त आहे. तोंड दीड बोटच उघडतं, आठवडा-दोन आठवड्यांत सुटतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, पण खळखळून नाही, पाणी तोंडात घेऊन मान हळू कलवायची आणि बेसिनमध्ये आपोआप पडू द्यायचं.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला पाहिजे, हाच नियम लक्षात ठेवा. एकदा कमी झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळून आलं, कानात, कानशिलात मारतंय, गोळी ऐकत नाही, तोंडाला घाण वास आणि चव, तर बहुतेक ड्राय सॉकेट. गुठळी निघून गेली किंवा विरघळली आणि हाड उघडं पडलं. साधे दात काढल्यावर हे शंभरात दोन-पाच जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेत त्याच्या कितीतरी पट. सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना जास्त, आणि जिथे खटाटोप खूप झाला तिथे जास्त. त्यातल्या दोन माझ्याकडे होत्या. आणि यावर अँटिबायोटिकचा कोर्स वाढवून काही होत नाही, मी तेच करत बसले दोन दिवस, मेडिकलवाल्याला विचारून! उपाय डॉक्टरकडेच आहे, खड्डा सलाईनने धुतात आणि त्यात औषधाची पट्टी ठेवतात, त्यात लवंगेचंच युजेनॉल असतं. पट्टी ठेवली आणि दहा मिनिटांत मी त्या खुर्चीत झोपले, खरंच झोपले, तीन रात्रींची झोप होती. कंपाउंडरने हलवून उठवलं.

ताबडतोब जायचं ते वेगळं. तीन दिवसांनंतर सूज वाढतच चाललीये, ताप, जिभेखाली किंवा मानेत कडकपणा, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, तर क्लिनिकच्या वेळेची वाट बघायची नाही, हॉस्पिटल. आणि दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर डॉक्टरला त्याच दिवशी कळवा. बहुतेकांचं परत येतं, पण नस दिवसाला एखादा मिलिमीटर अशा चालीने भरते, त्यामुळे महिने लागू शकतात, आणि कायमचं राहणारं शंभरात एकापेक्षा कमी, पण ज्याचं राहतं त्याला ह्या आकड्याचा काय उपयोग, म्हणून तर आधी एक्सरेवर रेघ बघायची.

खाण्याचं इंदूरकरांना सगळ्यात अवघड. पोहे चालतात पण शेव नाही, आणि शेवेशिवाय पोहे म्हणजे काय ते मी सांगायला नको. शेव, शेंगदाणे, गराडूचे तळलेले काप, ज्याचा टोकदार तुकडा खड्ड्यात जातो ते सगळं बंद. मऊ वरणभात, दलिया, दही, थंड शिकंजी पण ग्लासातून. भुट्ट्याचा कीस दोन-तीन दिवसांनी कोमट करून, मिरची न घालता, मी त्याच्यावरच जगले. दारू आणि गुटखा-सिगारेट निदान आठवडाभर नाहीच.

टाके साधे असतील तर सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर आपोआप पडतात आणि एखादा दोरा जिभेला लागत राहतो. हिरडी तीन-चार आठवड्यांत वरून मिटते, पण खड्डा पूर्ण बुजायला, आतलं हाड भरायला काही महिने जातात. त्या काळात तिथे अन्न जातंच, टाके निघाल्यावर सर्जनने मला वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज दिली होती, रात्री कोमट पाणी भरून खड्ड्यात सोडायचं, काय काय बाहेर येतं ते बघून अंगावर काटा येतो.

उजवी दाढ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढली होती, त्यामुळे संक्रांतीला मला वाटलं आता झालंच की सगळं. रामबागेत आत्याकडे गेलो, तिने तिळाची वडी पुढे केली, गोड बोल म्हणाली, मी खाल्ली, आणि रात्री बेसिनपाशी सिरिंज मारतेय तर एकेक करून तीळ बाहेर येतायत. नवरा मागे उभा राहून मोजत होता. अकरा.